स्टॅक ट्रेसमधला पाथ नक्की कोणाच्या मशिनचा?

रातपाळी

आमची बिलिंगची सर्व्हिस गो भाषेत लिहिलेली आहे. क्लायंटच्या सर्व्हरवर ती पॅनिक होऊन (न सावरता येणारी एरर येऊन) पडली आणि त्यांच्या ॲडमिननं लॉग पाठवला. त्यात स्टॅक ट्रेस आहे, म्हणजे पडताना कुठल्या फंक्शनमधून कुठलं फंक्शन चालू होतं त्याची यादी. सुरुवातीला 'इंडेक्स आउट ऑफ रेंज [५] विथ लेंग्थ ५', मग 'गोरूटीन १ [रनिंग]:', त्याखाली फंक्शनची नावं आणि प्रत्येक नावाखाली असा पाथ:

/होम/एसके/कामं/बिलिंग/इंटर्नल/टॅक्स/स्लॅब.गो:८८ +०एक्स१डी४

(पाथ देवनागरीत टंकलेत, मूळ लॉग अर्थातच रोमनमध्ये आहे.)

त्या सर्व्हरवर 'एसके' नावाचा युजरच नाही. सोर्सही नाही, नुसती बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्रॅम) ठेवलेली आहे. ॲडमिनचं म्हणणं असं की तुमचा प्रोग्रॅम आमच्याकडे नसलेल्या फोल्डरमध्ये काहीतरी शोधतोय आणि सापडत नाही म्हणून पडतोय. फोल्डर बनवून देऊ का, असंही विचारून झालं. एसके आमच्याच टीममधला आहे. रिलीज मात्र सीआयवरूनच (आपोआप बिल्ड करणाऱ्या सामायिक मशिनवरूनच) जातात, निदान तसा नियम आहे.

हा पाथ बायनरीत कुठे बसलेला असतो? सोर्स जवळ नसताना ओळ क्रमांक कसा कळतो? आणि जावामध्ये असा अख्खा पाथ मी कधी पाहिल्याचं आठवत नाही, तो का नसतो? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तळटीप

ॲडमिनना सांगा, फोल्डर बनवू नका. प्रोग्रॅम काहीही शोधत नाहीये. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, पण पत्र तिथं जात नसतं, तसंच आहे हे.

गो चा कंपायलर बायनरीत एक टेबल ठेवतो. पीसीएलएनटॅब म्हणतात त्याला. मशिन कोडमधला अमुक पत्ता हा अमुक फाइलच्या तमुक ओळीतून आला, एवढीच माहिती त्यात असते. पॅनिक झालं की रनटाइम स्टॅकवरचे पत्ते एकेक करून उचलतो, टेबलात बघतो आणि जे लिहिलंय ते छापतो. डिस्कला हातही लावत नाही. बिल्ड करताना फाइल जिथे होती तो पाथ त्या टेबलात अक्षरशः मजकूर म्हणून बसलेला आहे. खात्री करायची तर बायनरीवर 'स्ट्रिंग्ज' कमांड चालवा आणि तिच्या आउटपुटमध्ये 'एसके' ग्रेप करा (शोधा). ढीगभर ओळी येतील.

काही जण सांगतील की लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या टूलला) -एस -डब्ल्यू द्या, सिंबॉल (फंक्शन वगैरेंची नावं) निघून जातील. सिंबॉल टेबल जातं, डिबगची माहिती जाते, बायनरी बारीक होते, पण हे टेबल जात नाही. गार्बेज कलेक्टरला (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्याला) आणि स्टॅक वाढवणाऱ्या कोडला ते चालू प्रोग्रॅममध्ये लागतं. त्यामुळे 'स्ट्रिप केलेल्या' गो बायनरीतही पाथ जसेच्या तसे दिसतात.

काढायचेच असतील तर बिल्ड करताना -ट्रिमपाथ द्यायचं. २०१९ च्या गो १.१३ पासून आहे. मग तुमची ओळ मॉड्यूलच्या नावापासून सुरू होईल, बिलिंग/इंटर्नल/टॅक्स/स्लॅब.गो:८८ अशी. बाहेरच्या लायब्ररीचा पाथ मॉड्यूल@व्ही१.४.२ असा आवृत्तीसकट येतो. ही मला आवडणारी गोष्ट, कारण ट्रेस बघूनच कळतं की कुठली आवृत्ती लागली होती.

शेवटचं +०एक्स१डी४ म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीपासून किती बाइट आत. एकाच ओळीत तीनदा इंडेक्सिंग असेल तर त्यावरून नक्की कुठलं फुटलं ते शोधता येतं. डिसअसेंबली (मशिन कोडचं वाचता येणारं रूप) वाचायची तयारी हवी, एवढंच.

जावाकाकू

जावाचं मी सांगते. क्लास फाइलमध्ये (कंपाइल झालेल्या जावामध्ये) 'सोर्सफाइल' नावाचं ॲट्रिब्यूट असतं, त्यात फक्त स्लॅब.जावा एवढंच नाव असतं. जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय की त्या नावाला डिरेक्टरी किंवा ॲब्सोल्यूट पाथ समजू नये. ओळींचा हिशेब 'लाइननंबरटेबल' मध्ये वेगळा. ट्रेस छापताना क्लासचं पूर्ण नाव, मेथड आणि कंसात स्लॅब.जावा:८८ एवढं जोडतात. पॅकेजचं नाव म्हणजेच फोल्डरची उतरंड असल्यामुळे पाथची गरजच पडत नाही. आयडीई (कोड लिहायचा एडिटर) त्या पॅकेजच्या नावावरूनच फाइल उघडून देतो. बिल्ड करणाऱ्याच्या घरचा पत्ता बाहेर पडायचा प्रश्नच नाही. या बाबतीत जावावाले शहाणे, हे मी आज तरी म्हणून घेते.

जावॅकला (जावाच्या कंपायलरला) -जी:नन दिलं की हेही जातं आणि 'अननोन सोर्स' येतं. २०१७ च्या जावा ९ पासून पुढे मॉड्यूलचं नावही लागतं, जावा.बेस/जावा.युटिल.ॲरेलिस्ट असं.

पण एक जागा अशी आहे की तिथे पाथ नसल्याचं फार खुपतं. क्लासपाथवर (क्लास शोधायच्या जागांच्या यादीत) एकाच लायब्ररीची दोन जार (क्लास फाइलींची गाठोडी), जुनी आणि नवी. 'नोसचमेथडएरर' येते, म्हणजे मेथड सापडत नाही. ट्रेसमध्ये क्लासचं नाव बरोबर, फाइलचं नाव बरोबर, आणि कुठल्या जारमधून तो क्लास उचलला ते मात्र नाही. ट्रेस कितीही वेळा वाचा, काही उलगडत नाही. तिथे -व्हर्बोज:क्लास लावून प्रोग्रॅम चालवायचा, मग प्रत्येक क्लास कुठून लोड झाला ते छापून येतं. लॉगबॅक या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत ट्रेसच्या प्रत्येक ओळीपुढे जारचं नाव छापायची सोय आहे, पण ती खर्चिक आहे. गर्दीच्या सर्व्हरवर कायमची चालू ठेवू नये.

अँड्रॉइडवाल्यांची कथा आणखी वेगळी. आर८ हे कोड लहान करणारं टूल नावं आखडून ए.बी.सी करून टाकतं, फाइलच्या जागी नुसतं 'सोर्सफाइल' येतं. त्या त्या रिलीजची मॅपिंग.टीएक्सटी (जुन्या-नव्या नावांची यादी) जपून ठेवली असेल तर रिट्रेस या टूलनं परत वाचता येतं. नसेल तर त्या ट्रेसचा उपयोग शून्य.

नवशिक्या_२

धागा वाचतोय, छान चालू आहे. माझा प्रश्न पायथनचा. चालू असलेल्या प्रोसेसच्या ट्रेसबॅकमध्ये (पायथनच्या स्टॅक ट्रेसमध्ये) एरर आली म्हणून जी ओळ दाखवली ती चक्क कॉमेंट आहे! ओळ १४२, आणि त्याखाली 'हॅश, टूडू नंतर बघू' हा मजकूर. कॉमेंट कशी काय एक्सेप्शन फेकेल?

अर्धविराम

फेकत नाही. प्रोसेस चालू असताना खालची फाइल कुणीतरी बदलली आहे. बहुतेक गिट पुल झालं (नवा कोड सर्व्हरवर आला) आणि रीस्टार्ट राहिला.

पायथनमध्ये गंमत अशी की ट्रेसबॅकची एक नोंद दोन वेगवेगळ्या काळातली असते. फाइलचं नाव आणि १४२ हा आकडा कोड ऑब्जेक्टमधून (मेमरीतल्या कंपाइल झालेल्या कोडमधून) येतो, म्हणजे प्रोसेसनं मॉड्यूल लोड केलं तेव्हाचा. त्याखालचा ओळीचा मजकूर मात्र छापायच्या क्षणी डिस्कवरून वाचला जातो, लाइनकॅश नावाचं मॉड्यूल ते काम करतं. फाइल मध्ये बदलली की आकडा जुना, मजकूर नवा. २०२२ च्या ३.११ पासून ओळीखाली जी टोकदार खुणांची रेघ येते तिचंही तसंच. कॉलमचे आकडे जुन्या कोडमधले असल्यामुळे ती रेघ भलत्याच अक्षरांखाली पडते. अशा वेळी आकड्यावर विश्वास ठेवायचा, मजकुरावर नाही, आणि जी आवृत्ती चालू होती तिची १४२ वी ओळ काढून बघायची.

रातपाळीच्या मूळ प्रश्नाशी जोडून आणखी एक. पायथनची .पीवायसी फाइलही कुठल्यातरी मशिनवर कंपाइल झालेली असते, मग तिथला पाथ का दिसत नाही? कारण इम्पोर्ट करताना शेजारी .पीवाय फाइल (सोर्स) असेल तर इंटरप्रिटर कोड ऑब्जेक्टमधलं नाव सध्याच्या पाथनं बदलून घेतो. पण सोर्स न देता नुसत्या .पीवायसी पाठवल्या की हे होत नाही, आणि मग बिल्ड करणाऱ्याचा /होम/... तिथेही डोकावतो. त्यासाठी कंपाइलऑल ला (.पीवायसी बनवणाऱ्या मॉड्यूलला) -डी आहे, ३.९ पासून पाथचा पुढचा भाग कापायला -एस आणि त्याजागी दुसरा लावायला -पी.

त्याच ३.९ मध्ये आणखी एक बदल झाला. आधी 'पायथन ॲप.पीवाय' असं चालवलं की ट्रेसबॅकमध्ये मुख्य फाइल नुसती ॲप.पीवाय अशी यायची, आता पूर्ण पाथ येतो. लॉगवर रेगेक्स लावून बसलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नवशिक्या_२

रीस्टार्ट केला, आता नीट ओळ दिसतेय. धन्यवाद अर्धविराम! ट्रेसमध्ये <फ्रोझन इम्पोर्टलिब._बूटस्ट्रॅप> असंही दिसतं, ही फाइल कुठे असते?

अर्धविराम

कुठेच नसते. कोनी कंसातली नावं म्हणजे डिस्कवरची फाइल नव्हे. <स्ट्रिंग> म्हणजे इव्हॅल किंवा एक्झेकमधून आलेलं, <एसटीडीइन> म्हणजे टाइप केलेलं, फ्रोझन म्हणजे इंटरप्रिटरच्या आतच भरलेलं. त्या ओळी सोडून पुढे वाचायचं.

घाटमाथा

सगळे जण पाथ कुठून येतो यावरच बोलताय. मी सिक्युरिटीच्या बाजूनं येतो. पाथ बाहेर जाऊच नये. नुसत्या एका ओळीतून युजरनेम, प्रोजेक्टचं नाव, ऑपरेटिंग सिस्टिम, कधी कधी दुसऱ्या क्लायंटचंही नाव बाहेर पडतं.

पीएचपीचं बघा. शेअर्ड होस्टिंगवर डिस्प्ले_एरर्स चालू राहिलेलं असतं आणि ब्राउझरमध्ये 'फेटल एरर: अनकॉट...' च्या पुढे /होम/अमुकतमुक/पब्लिक_एचटीएमएल/... झळकतं. सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) असेल तर तो 'अमुकतमुक' म्हणजे पॅनेलचं लॉगिन नाव. अर्धं काम करून दिलं. त्याहून वाईट म्हणजे ट्रेसमध्ये फंक्शनचे आर्ग्युमेंटही छापले जायचे. डेटाबेस कनेक्शन फसलं की पीडीओच्या (पीएचपीच्या डेटाबेस जोडणाऱ्या क्लासच्या) कन्स्ट्रक्टरच्या ओळीत होस्ट, युजर, पासवर्ड ओळीनं हजर. लांब मजकूर १५ अक्षरांवर कापला जायचा खरा, पण पंधरा अक्षरांहून लांब पासवर्ड किती जण ठेवतात? पीएचपी ७.४ मध्ये आर्ग्युमेंट गाळायची सेटिंग आली आणि ८.२ मध्ये 'सेन्सिटिव्हपॅरामीटर' असं ॲट्रिब्यूटच दिलं.

आणि पाथ किती बोलका असतो याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण स्टक्सनेट हा मालवेअर. २०१० मध्ये सापडलेला, इराणच्या सेंट्रिफ्यूजवर सोडलेला. त्याच्या ड्रायव्हरमध्ये डिबग फाइलचा पाथ राहून गेला होता: बी:\मायर्टस\एसआरसी\...\ग्वावा.पीडीबी. पेरू हा मायर्टेसी कुळातला, म्हणून दोन्ही नावं जुळतात, इथपर्यंत ठीक. पुढे कुणी मायर्टल या झुडपावरून बायबलमधल्या एस्थरपर्यंत पोचलं, कारण तिचं हिब्रू नाव हदासा म्हणजे मायर्टल. कुणी म्हणालं, 'माय आरटीयूज' असं वाचा, औद्योगिक यंत्रणांमधली ती रिमोट टर्मिनल युनिट्स. एका विसरलेल्या पाथवर एवढी चर्चा झाली. मालवेअर तपासणारे आजही सर्वात आधी पीडीबीचा पाथ बघतात. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरमध्ये /पीडीबीऑल्टपाथ आहे, तो वापरला तर नुसतं फाइलचं नाव राहतं.

त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: सगळीकडे कापा.

तळटीप

घाटमाथा, इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. ब्राउझरमध्ये ट्रेस दाखवू नये, याबद्दल वादच नाही. डिस्प्ले_एरर्स बंद, लॉग_एरर्स चालू, विषय संपला. पण म्हणून लॉगमधलाही पाथ कापा? रात्री अडीचला लॉग वाचणाऱ्याला तो पाथच धागादोरा असतो. माझ्या टर्मिनलमध्ये फाइल:ओळ असं काही दिसलं की क्लिक करून थेट त्या जागी जाता येतं. जीएनयूच्या कोडिंग स्टँडर्डमध्येही एरर फाइलचं नाव, कोलन, ओळ अशीच छापा म्हणून सांगितलेलं आहे, आणि ईमॅक्स आणि त्याच्या मागून आलेले एडिटर त्याच भरवशावर उडी मारतात.

घाटमाथा

क्लिक करून उघडायला फाइल तुमच्या मशिनवर त्याच पाथला हवी ना? कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या बंदिस्त डब्यात) चालणाऱ्या प्रोग्रॅमचा ट्रेस /ॲप/सोर्स/... दाखवतो, तुमच्याकडे ते /होम/कुणीतरी/... मध्ये. क्लिक करून बघा काय उघडतं.

तळटीप

तो मुद्दा मान्य. पण मग ट्रिम केलेला, प्रोजेक्टच्या मुळापासूनचा पाथ बरा. पूर्ण पाथही नको आणि कोरी पाटीही नको.

जुनी_चाल

सीवाल्यांना कुणी विचारलंच नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे __फाइल__ हा मॅक्रो. तो काय देतो? कंपायलरला तुम्ही जसं नाव दिलंत तसंच. हातानं लिहिलेल्या मेकफाइलमधून जीसीसी -सी एसआरसी/टॅक्स.सी दिलं तर असर्ट (कोडमधली अट तपासणारी ओळ) फुटल्यावर 'एसआरसी/टॅक्स.सी:८८' येतं. तोच प्रोजेक्ट सीमेक या बिल्ड टूलनं बिल्ड करा, तो कंपायलरला पूर्ण पाथ देतो, आणि त्याच असर्टमध्ये /होम/... आलंच. कोड एका अक्षरानंही बदललेला नसतो. लोक भाषेला दोष देतात, खरं तर बिल्ड सिस्टिमनं ठरवलेलं असतं.

हा मजकूर बायनरीत असल्यामुळे दुसरा घोटाळा होतो. तोच सोर्स, तोच कंपायलर, पण दोन वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड केलं तर बायनरीचे हॅश (मजकुरावरून काढलेले ठसे) वेगळे. डेबियनच्या लोकांना रिप्रोड्यूसिबल बिल्डच्या (कुठेही केलं तरी तंतोतंत तेच निघणाऱ्या बिल्डच्या) मागे लागल्यावर हे बिल्ड पाथचं दुखणं फार भोवलं. जीसीसी ८ मध्ये, २०१८ साली, -एफफाइल-प्रीफिक्स-मॅप आलं. 'जुना पाथ=नवा पाथ' असं द्यायचं, डिबग माहिती आणि मॅक्रो दोन्हीत बदलून मिळतं. मग जीडीबीला (डिबगरला) सोर्स सापडत नाही म्हणून त्याला 'सेट सबस्टिट्यूट-पाथ' नं उलटं शिकवायचं. एका हातानं पुसायचं, दुसऱ्या हातानं लिहायचं, असा धंदा आहे.

रस्टमध्येही बघा. स्वतःच्या क्रेटचा (रस्टमधल्या पॅकेजचा) पाथ एसआरसी/मेन.आरएस असा साळसूद दिसतो, म्हणून वाटतं इथे काही गळत नाही. पण बाहेरच्या क्रेटमध्ये पॅनिक झालं की /होम/एसके/.कार्गो/रजिस्ट्री/एसआरसी/... पूर्ण येतो. स्टँडर्ड लायब्ररीच्या ओळी /रस्टसी/ च्या पुढे चाळीस अक्षरी कमिट हॅश आणि मग /लायब्ररी/... अशा असतात. असं फोल्डर कुणाच्याच मशिनवर नसतं, रस्टवाल्यांनी मुद्दाम तसं बदलून ठेवलेलं आहे. आपल्यालाही --रीमॅप-पाथ-प्रीफिक्स नं तेच करता येतं.

अर्धविराम

+१. पाथ कापण्याला सिक्युरिटीशिवायही एक कारण आहे. एरर गोळा करणारी टूल्स ट्रेसवरून एकसारख्या एररचे गट पाडतात. कॅपिस्ट्रानो या टूलनं डिप्लॉय करत असाल तर प्रत्येक रिलीजचं फोल्डर तारीख-वेळेच्या आकड्याचं: /व्हीएआर/.../रिलीजेस/२०२४०३१२०९३०००/ॲप/... गट पाडताना पूर्ण पाथ धरला तर दर डिप्लॉयनंतर तीच जुनी एरर 'नवीन एरर' म्हणून मेल पाठवते. चार दिवसांनी लोक मेल वाचणं सोडतात. आधी पुढचा भाग कापून टाकावा, मग गट पाडावेत.

जावास्क्रिप्टचं लिहायला बसलो तर वेगळा धागा काढावा लागेल. मिनिफाय केलेल्या (दाबून लहान केलेल्या) फाइलमध्ये सगळं पहिल्याच ओळीत असतं, म्हणून ॲप.मिन.जेएस:१:४८२१३ मधला कॉलमच काय तो कामाचा. सोर्स मॅप असेल तर तो त्यावरून मूळ फाइल काढतो, नोडमध्ये --एनेबल-सोर्स-मॅप्स द्यावं लागतं. व्ही८ (नोडमधलं जावास्क्रिप्ट इंजिन) मुळात वरच्या दहाच फ्रेम ठेवतं, जास्त हव्या असतील तर एरर.स्टॅकट्रेसलिमिट वाढवा.

रातपाळी

सगळ्यांचे आभार. ॲडमिनना 'स्ट्रिंग्ज' चं आउटपुट पाठवलं, ते समजले.

पण आमच्याकडे वेगळीच भानगड निघाली. सीआयच्या मशिनवर एसके नावाचं काही नाहीच. म्हणजे ही बायनरी सीआयवरून गेलेलीच नाही. आणि रिलीजच्या टॅगवर (त्या आवृत्तीच्या खुणेवर) स्लॅब.गो उघडली तर ८८ वी ओळ म्हणजे नुसता बंद होणारा महिरपी कंस.

तळटीप

'गो व्हर्जन -एम' ला ती बायनरी द्या. २०२२ च्या १.१८ पासून गो बिल्डची माहिती बायनरीत कोंबतं. व्हीसीएस.रिव्हिजन समोर कमिट (कोडची नोंदवलेली आवृत्ती) दिसेल, आणि व्हीसीएस.मॉडिफाइड समोर ट्रू की फॉल्स ते बघा.

रातपाळी

ट्रू.

तळटीप

म्हणजे कमिट न केलेले बदल आत आहेत. ती ८८ वी ओळ कुठल्याही टॅगवर सापडणार नाही, फक्त एसकेच्या लॅपटॉपवर आहे, तीही त्यानं तोवर फाइल बदलली नसेल तर. आधी त्याला फोन करून 'काहीही डिलीट करू नकोस' म्हणून सांगा.

जावाकाकू

आणि बघा घाटमाथा, पाथ आधीच कापलेला असता तर हे लॅपटॉपवरून गेलंय याचा पहिला सुगावाच लागला नसता. कापायचं तर कापा, पण त्याआधी कमिट हॅश आणि 'मॉडिफाइड' ची खूण लॉगच्या पहिल्या ओळीत छापायची सोय करा. आमच्याकडे जारच्या मॅनिफेस्टमध्ये कमिट लिहून ठेवतो आणि सर्व्हिस सुरू होताना छापतो.

घाटमाथा

काकू, हे पटलं. कमिट हॅश लॉगमध्ये असायला माझी हरकत नाही, त्यातून कुणाचं लॉगिन नाव कळत नाही.

नवशिक्या_२

शेवटचा प्रश्न, ऑफिसात डॉटनेटही आहे. एका सर्व्हरवर ट्रेसमध्ये 'इन सी:\...\प्रोग्रॅम.सीएस:लाइन १२' येतं, दुसऱ्यावर त्याच ॲपला नुसतं मेथडचं नाव. सेटिंग कुठे आहे?

जुनी_चाल

सेटिंग नाही, एका सर्व्हरवर .पीडीबी फाइल शेजारी ठेवलेली आहे आणि दुसऱ्यावर नाही. पाथ आणि ओळ दोन्ही त्या फाइलीत असतात. ओळ हवी पण सी:\युजर्स\... नको असेल तर सीआयच्या बिल्डला कंटिन्युअसइंटिग्रेशनबिल्ड=ट्रू द्या. सोर्स कंट्रोलची माहिती नीट जोडलेली असेल तर पाथ /_/ नं सुरू होतील. .पीडीबी मात्र त्याच बिल्डची हवी, मागच्या रिलीजची शेजारी ठेवून चालत नाही.